सहाव्या साडीचा हिशेब: अमळनेर, सुरत, उल्हासनगर आणि परत

दिवस पहिला, शुक्रवार

होळी होऊन दहा दिवस झाले होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच आठवडे उरले होते. अमळनेरला स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत साड्या-कपड्यांच्या दुकानासाठी दहा बाय चौदाचा गाळा भाड्यानं घेतला होता, रॅक ठोकून झाले होते, आणि रॅकवर मांडायला सुताराचा पाना तेवढा होता. माल आणायला मी एकटी निघाले. नवऱ्याला रजा नव्हती. सासूबाईंचं म्हणणं होतं, घरी अकरा वर्षं ब्लाऊज शिवून जे जमलंय ते सोडून हे कशाला?

स्टेशनावर आईनं भाकरी-ठेच्याचा डबा दिला आणि शेजारच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पैसे कुठे ठेवले गं?" सत्तर हजार रोख अंगावर होते, दीड लाख खात्यात. हाच सगळा मालाचा पैसा.

भुसावळ-सुरत हा तापी लाइनचा रस्ता खानदेशी माणसाला पाठ असतो. डब्यात अर्ध्याहून जास्त लोक सुरतेला पोट भरणारे. कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी लूमवर, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात. होळीला गावी आलेले, आता परतत होते. उधना, लिंबायत, दिंडोली ही सुरतेतली नावं आमच्याकडे शेजारच्या तालुक्यासारखी उच्चारतात. नंदुरबारला खिडकीतून मिरचीचा खाट आला आणि अख्खा डबा शिंकला. पुढे नवापूर. या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. गाडी थांबली तेव्हा माझा डबा गुजरातेत होता आणि चहावाला महाराष्ट्रात.

वाटेत दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. मिल बंद पडून जमाना झाला. कापूस अजून आमच्याच शेतातून जातो, आणि मी सुरतेहून पॉलिस्टर आणायला निघालेली. आजोबा असते तर काय म्हणाले असते याचा विचार करत व्यारापर्यंत डुलकी लागली.

उधन्याला मामा घ्यायला आले. मामा तीस वर्षं सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात पार्सलं बांधतात. गादीवर ते कधी बसले नाहीत, पण कोणत्या गादीवरून काय निघतं आणि काय परत येतं, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत नसेल.

दिवस दुसरा, शनिवार

रिंग रोड म्हणजे वर उड्डाणपूल, खाली टेम्पो, हातगाड्या आणि डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं. दोन्ही बाजूंना मार्केटंच मार्केटं: मिलेनियम, राधाकृष्ण, जुनं सुरत टेक्स्टाइल मार्केट. एकेका इमारतीत शेकड्यांनी दुकानं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्याच शिवशक्ती मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकानं जळाली. ती इमारत मामांनी लांबून दाखवली, पण तिथं थांबले नाहीत.

दहाला पोचलो तर शटरं अर्धीच वर. "शेठ अकराला येतो, बाराला बोलतो," मामा म्हणाले. पहिल्या दुकानात चप्पल बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसले. चहा आला. मग प्रश्न: "कहाँ से, बेन? दुकान कितने साल से?" मी खरं सांगितलं, अजून उघडायचंय. शेठनं मान हलवली आणि पोऱ्याला वरच्या फळीवरचा माल काढायला सांगितला. वरच्या फळीवर काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मामांनी सांगितलं: मागच्या दिवाळीचं उरलेलं.

दुसऱ्या दुकानात मी म्हणाले, "अकरा साल से लाइन में हूँ." शिलाईचीही लाइनच की. इथं मधल्या फळीवरचं निघालं.

भाषा शिकायला दुपार गेली. वेटलेस म्हणजे अंगावर वजन न जाणवणारं जॉर्जेट, आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बायकाही आता हेच नेसतात, कारण धुतलं की तासात वाळतं. रेनियल म्हणजे देण्याघेण्याची साडी. लग्नात मानपानाला चाळीस-पन्नास एकदम लागतात, शंभर-सव्वाशेला पडली पाहिजे, आणि ती कोणी नेसत नाही, पुढच्या लग्नात पुढे सरकवतात. आमच्या गावातल्या काही साड्या मी तीन लग्नांत ओळखल्या आहेत. डोला, ब्रासो, डिजिटल प्रिंट, असे आणखी प्रकार. कुर्तीत '१४ किलो रेयॉन' ऐकून मी दचकले. शंभर मीटर कापडाचं वजन चौदा किलो, म्हणजे कापड जाडसर, बाई उन्हात उभी राहिली तरी आरपार दिसणार नाही. हलकं रेयॉन स्वस्त असतं आणि पहिल्या धुण्यात आखडतं.

आणि 'कट'. सुरतेच्या साडीचा पूर्ण कट ६.३० मीटर: साडेपाच साडी, ऐंशी सेंटीमीटर ब्लाऊज. एका दुकानात १९५ रुपयांना फार देखणी साडी दाखवली, तीच दुसरीकडे २३० ला होती. मी भाव करायच्या बेतात असताना मामा दारातून अहिराणीत पुटपुटले, "पयले मोज, मंग बोल." मी पर्समधून टेप काढली. गादीवर क्षणभर शांतता. साडी सव्वापाच, ब्लाऊज सत्तर. सत्तरमध्ये बारक्या पोरीचा ब्लाऊज निघतो, आमच्याकडच्या चाळिशीतल्या काकूंचा नाही. बाही कापताना मी अकरा वर्षं हेच भांडण ऐकलंय. शेठ हसला, "बेन तो टेलर निकली," आणि खरंच चांगला माल काढला. फसवत होता असंही म्हणवत नाही. १९५ ला त्यानं सव्वापाच मीटरच सांगितले असते, मी विचारलं असतं तर.

सेटची गोष्ट मात्र कुठेच सुटेना. सहा साड्यांचा सेट, डिझाइन एक, रंग सहा. लाल, पोपटी, राणी, मोरपिशी, जांभळी आणि हटकून एक चॉकलेटी. "तुले सांगस, हाऊ रंग कोनी लेत नही," मामा म्हणाले. मी शेठला म्हटलं, पाचच द्या. "सेट टूटेगा नहीं, बेन." चार दुकानांत हेच वाक्य, त्याच सुरात.

संध्याकाळपर्यंत एक रुपयाचीही खरेदी नाही. वहीत पानंच्या पानं भाव. उद्या सकाळी पक्कं करू म्हणून उठले तर मामा म्हणाले, "उद्या रविवार. मार्केट बंद." आठ दिवस आधी मीच फोनवर विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलंही होतं. माझ्याच डोक्यातून गेलं.

दिवस तिसरा, रविवार

लिंबायतमध्ये मामांची दोन खोल्यांची चाळ. गल्लीत पाय ठेवला की धुळे-जळगावच आहे असं वाटतं: कळण्याच्या भाकरीचा वास, अहिराणीतली भांडणं. दारादारात बायका साड्या पसरून बसलेल्या. मला आधी वाटलं, नेसायच्या आहेत.

मामी सकाळच्या चहानंतर लाकडी दांडीच्या काडीनं साडीच्या पदरावर खडे चिकटवत होत्या. गोंदाचा ठिपका, त्यावर खडा, पुढचा ठिपका. शेजारची सुशिक्षित पोर लेस लावत होती, तिची आई सुटे धागे कापत होती. साडीमागे मामींना सहा रुपये. दिवसाला घरचं सगळं करून दहा-बारा साड्या होतात. मी साडी ओळखली. शनिवारी मिलेनियममध्ये ४२० सांगितली होती, मी तिच्यावर चौकटीत टिकही केली होती.

"मामी, ही घेऊ का मी दुकानाला?"

त्यांनी काडी खाली ठेवली. "दोनदा धुतली का खडे बादलीत. आणि तुझ्याकडचं ऊन. पत्र्याच्या खोलीत पेटीत ठेवली तर एकाला एक चिकटतील. लग्नात नेसायला म्हणून विक. रोजला म्हणून विकलीस तर तुझ्या दारात आणून टाकतील."

मी वही काढली. त्या दिवशी जे कळलं ते दहा दुकानं फिरून कळलं नसतं. शेजारणींनी मला घेरलंच. एकीनं दाखवलं, कापड चुरगाळून मुठीत धर, सोडल्यावर घडी राहते का बघ. दुसरी म्हणाली, बोट ओलं करून लाल रंगावर घास. तिसरी नरडाण्याची, तिचा भाऊ डाइंगला, तिनं सांगितलं की गडद रंगाच्या साडीची आतली बाजू बघायची, पाठ फिकी असेल तर छपाई वरवरची. या बायका सुरतेच्या साडीला रोज हात लावतात आणि विकत घेताना मात्र गावाकडच्या बाजारात घेतात, कारण इथे मार्केटात एक नग कोणी देत नाही.

दुपारी गुळवणी-पोळ्या झाल्या. मामी संध्याकाळी परत खड्यांकडे बसल्या. मीही काडी घेतली. अर्ध्या तासात माझा एक पदर वाकडा झाला आणि त्यांनी न बोलता खडे काढून तो पुन्हा केला.

रात्री वहीत दोन रकाने आखले. एकावर 'सांगितलेला भाव', दुसऱ्यावर 'घरात पडलेला भाव'. २४५ ची वेटलेस घेतली समजा. माझी उलाढाल ४० लाखांच्या आत राहणार म्हणून मी जीएसटी नोंदणी घेतलेली नाही, म्हणजे बिलावरचा ५ टक्के कर मला परत मिळत नाही, तो माझ्याच अंगावर. झाले २५७. पार्सलचं भाडं, हमाली, गोदामावरून आणायची रिक्षा, साडीमागे ७. माझ्या या फेरीचा खर्च सगळ्या नगांवर वाटला तर १०. पिशवी २. म्हणजे २७६. मी ३९० सांगणार, गिऱ्हाईक ३५० ला आणून सोडणार. सहातल्या पाच विकल्या तर १,७५०. सहांचे गेले १,६५६. सेटमागे नफा ९४ रुपये आणि एक चॉकलेटी साडी.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले. गाळ्याचं भाडं यात धरलेलंच नव्हतं.

दिवस चौथा, सोमवार

आज बोलताना आवाज वेगळा होता, मलाच जाणवलं. पहिल्या दुकानात रंगाचा सेट फुटत नाही म्हणाले तर मी म्हटलं, सेट नका फोडू, चॉकलेटीऐवजी दुसऱ्या डिझाइनमधली लाल त्यात घाला. असं कधी करत नाही म्हणत म्हणत त्यानं दहा सेटांपैकी सातांत केलं. रोख दिल्यावर ३ टक्के सूट. उधारीचं विचारलं तेव्हा साठ दिवसांचा भाव वेगळा निघाला. उधारी फुकट नसते, ती भावातच शिवलेली असते. शिवाय पहिल्या खेपेला आडत्याची ओळख नसेल तर देतही नाहीत, ते बरंच झालं.

एका ठिकाणी सगळं ठरल्यावर मुनीम म्हणाला, "कच्चे में कर दूँ? पाँच परसेंट बचेगा." म्हणजे पक्क्या बिलाशिवाय, कर न लावता. मोह झाला, खोटं का बोला. पाच टक्के म्हणजे माझ्या हिशेबात सेटमागे सत्तर-पंचाहत्तर रुपये. पण खराब नग परत करायचा तर हातात कागद काय? आणि रस्त्यात माल अडला तर सोडवणार कोण? पक्कं बिल मागितलं. मुनिमानं ते लिहिताना एवढा वेळ लावला की दोन चहा झाले.

दिवसाअखेर ४० सेट साड्या, २०० देण्याघेण्याच्या, १२० कुर्त्या. देण्याघेण्याच्या साड्यांत काळी आणि पांढरी एकही नको, हे मी प्रत्येक गठ्ठा उघडून बघितलं. ओटीत काळी साडी गेली तर लग्न मोडायची वेळ येते. कुर्तीत एमपासून डबल एक्सेलपर्यंतचा सेट. आमच्याकडे एम जास्त जाणार की एक्सेल, हे मला माझ्या मापाच्या वहीनं सांगितलं. अकरा वर्षांची छातीची मापं कुठल्याही शेठकडे नाहीत.

मग मामांची पाळी. त्यांनी माझा माल दुसऱ्या कोणाला बांधू दिला नाही. आत प्लॅस्टिक, वर गोणपाट, आणि हातभर दाभणात सुतळी ओवून कडेनं टाके. प्रत्येक टाक्याला गुडघा रोवून ओढ. मी शिवणारी बाई, पण असा टाका पाहिला नव्हता. चार पार्सलं झाली.

ट्रान्सपोर्टच्या खिडकीवर कारकुनानं बिल्टीचं, म्हणजे मालाच्या पावतीचं, पुस्तक उघडलं. "पार्टी का नाम?"

इथं मी अडकले. नावावरून घरी महिनाभर वाद चालू होता. सासरे म्हणत 'श्री' पाहिजे, मुलगी म्हणत 'कलेक्शन' पाहिजे, नवरा म्हणे तुझ्याच नावानं कर. वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, पाच मिनिटांचं काम, तेही नावाच्या रकान्यापाशी थांबलेलं. मागे रांग वाढली. "जल्दी, बेन." मामा घाम पुसत म्हणाले, "आखाजीला उघडणार ना? लिहा, आखाजी."

कारकुनानं लिहिलं. बिल्टी हातात आली तेव्हा बघितलं, 'अकाजी वस्त्रालय, अमळनेर'. वस्त्रालय त्यानं स्वतःच्या मनानं जोडलं होतं.

दिवस पाचवा, मंगळवार

पहाटेची फ्लाइंग राणी. या गाडीचे डबल डेकर डबे २०२३ मध्ये काढले. लहानपणी मामांकडून मुंबईला जाताना वर बसायला भांडलेली मी, आता साध्या डब्यात उभी. वापीपासून पासवाल्या बायका चढल्या आणि मला कोपऱ्यात चेपलं. दादरला उतरून सेंट्रलची लोकल, विठ्ठलवाडी.

उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसवलं ते गाव. म्हणून अजून पत्ता कॅम्प नंबरानं सांगतात. जीन्ससाठी कॅम्प पाच. घराघरात मशिनी, खाली कटिंग, वर बटण. वालधुनी नदीचं पाणी पुलावरून बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

इथं काम पटकन झालं, कारण इथं मला काही कळत नव्हतं आणि मी ते कबूल केलं. पुरुषांची जीन्स, २८ ते ३६, पाच मापांचा सेट. भाव ३८० च्या आसपास. मालक वयस्कर, सिंधी मिसळलेली मराठी. मी विचारलं, "माझ्या गावाला कुठली मापं जातील?" तो म्हणाला, "गाव के लडके पतले. ३६ पड़ा रहेगा." आणि त्यानं ३६ काढून २८ दोन घातले, न मागता. मी चेन दहा वेळा वरखाली करून बघितली. रिंग रोडवर चार शेठ ज्या गोष्टीला हलले नाहीत, ती इथं चहाआधी झाली. साठ जीन्स घेतल्या. ४६ नग ट्रान्सपोर्टला, बाकीचे बरोबर. ही चूक होती. चौदा जीन्सचं वजन काय असतं ते विठ्ठलवाडीचा जिना चढताना कळलं.

रात्री कल्याणला मैत्रिणीकडे. तिच्या नवऱ्यानं बॅग उचलली आणि विचारलं, "वहिनी, यात विटा आहेत का?"

दिवस सहावा, बुधवार

उद्या पाडवा आणि दोन-तीन दिवसांवर ईद. मुंबईत खरेदीला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. क्रॉफर्ड मार्केटसमोर मंगलदास मार्केटात शिरले ती माणसांच्या रेट्यानंच आत गेले. मला हवं होतं ब्लाऊजचं टू बाय टू रुबिया कापड, अस्तर आणि ओटीचे ब्लाऊज पीस. दुकानात मॅचिंगचा एक कोपरा असला की शिवणकामाचं गिऱ्हाईक आपोआप साड्यांकडे वळतं, हा माझा अंदाज. रुबियाचे ताके रंगांच्या उतरणीनं लावलेले. लालच सतरा प्रकारचा. इथं मी भाव केलाच नाही. हे कापड माझ्या बोटांना ओळखीचं. बघता बघता ठरवलेल्या पैशांपेक्षा अडीच हजार जास्त गेले.

दादरला उतरून लहान मुलांचे कपडे बघायचा बेत होता. स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग, साखरेच्या गाठी, गुढीच्या काठ्या, आणि मुंगी शिरायला जागा नाही. फुलांच्या वासात पाच मिनिटं उभी राहिले आणि परत फलाटावर गेले. लहान मुलांचा माल पुढच्या खेपेला. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर जीन्सच्या बॅगेवर डोकं ठेवून झोपले. घरी पोचले तेव्हा सासऱ्यांनी गुढी उभारली होती आणि तिला नेसवायला नवी साडी नव्हती. "साडीच्या दुकानदाराच्या घरी," असं म्हणून ते एवढे हसले की मलाही हसू आलं.

पाडव्यानंतर

तीन पार्सलं शनिवारी आली. गोदामातल्या हमालानं ओरडून विचारलं, "अकाजी कोण?" चौथं नव्हतं. सुरतेला फोन, भुसावळला फोन. त्या चौथ्यात देण्याघेण्याच्या २०० साड्या, म्हणजे लग्नसराईचं सगळं घोडं तिथंच अडलेलं. मंगळवारी ते आलं. एक कोपरा ओला होऊन वाळलेला, पण मामांची सुतळी जागची हलली नव्हती. आतल्या तीन साड्यांना डाग. बिल होतं म्हणून फोटो पाठवला. "अगली बार एडजस्ट कर देंगे, बेन." करतील की नाही ते मेमध्ये दुसऱ्या खेपेला कळेल.

दोन दिवस मोजणी. एका सेटमध्ये पाचच निघाल्या. नवऱ्यानं प्रत्येक नगाला 'घरात पडलेला भाव' आमच्या खुणेनं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. खूण कोणती ते सांगत नाही. चॉकलेटी साड्या शेवटी एकंदर अकरा निघाल्या. आई हातात घेऊन उजेडात धरत म्हणाली, "वाईट नाही गं, नेसल्यावर दिसेल." शॉप ॲक्टचा अर्ज त्याच रात्री भरला, नावाच्या रकान्यात 'आखाजी वस्त्रालय'.

दुसऱ्या दिवशी पाटीवाल्याचा फोन आला. बिल्टीचा फोटो मीच त्याला पाठवला होता आणि तो 'अकाजी' रंगवायला बसला होता. मी त्या अकरातली एक साडी नेसले, फॉल-पिको न करताच, आणि 'आ'चा काना नि 'खा' सांगायला त्याच्याकडे चालत गेले.